चोक केबलची चाल कमी, सोबतची सूचनाही चुकीची

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

विषय : कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 साठीच्या चोक केबलमधील दोष

महोदय,

गेल्या महिन्यात आपल्या कंपनीच्या तीन चोक केबल घेतल्या. त्यातल्या दोन सदोष निघाल्या. बिलाची प्रत जोडली आहे.

दोष लांबीचा नाही, चालीचा आहे. डॅशबोर्डवरचा चोकचा नॉब पूर्ण आत ते पूर्ण बाहेर या टप्प्यात आतली तार जेवढी सरकायला हवी, त्यापेक्षा ती 6 मिलिमीटरने कमी सरकते. काढलेल्या जुन्या केबलशेजारी ठेवून मोजले. त्यामुळे कार्ब्युरेटरकडे तार पकडणाऱ्या क्लॅम्पचा स्क्रू कुठेही आवळा, एक बाजू अडतेच. कार्ब्युरेटरच्या तोंडाशी हवा अडवणारे चोकचे पाते पूर्ण बंद होईल असे जुळवले तर नॉब आत ढकलल्यावर ते तिरके राहते. पूर्ण उघडेल असे जुळवले तर सकाळी थंड इंजिन लवकर पकडत नाही, कारण पाते मिटत नाही आणि पेट्रोल पुरेसे ओढले जात नाही.

तिरके राहिलेले पाते जास्त घातक. मिक्स्चर कायम रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त), सायलेन्सरमधून काळा धूर, प्लगवर कोरडी काजळी, ॲव्हरेज घसरलेले. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन खाली उतरते आणि ऑइल पातळ होते. शिवाय चोकच्या लिव्हरला जोडलेला कॅम सुटत नाही, म्हणून स्लो (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग) चढाच राहतो. मेकॅनिक मग स्लो स्क्रू मागे घेतो, मिक्स्चर स्क्रू फिरवतो, कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी ठरवणाऱ्या फ्लोटची लेव्हलही बदलतो. खोट केबलमध्ये असताना चांगला कार्ब्युरेटर बिघडवला जातो. पुढे योग्य केबल बसली की गाडी स्लोला बंद पडू लागते.

डब्यातली सूचना म्हणते : ‘नॉब पूर्ण आत ढकलून केबल ताणून आवळा.’ हे साफ चुकीचे आहे. इंजिन रबर माउंटिंगवर हलते, डॅशबोर्ड हलत नाही. ताणलेली तार त्या हालचालीनेही पाते थोडे ओढते. नॉब 2–3 मिलिमीटर बाहेर ठेवून, हाताने पाते सरळ उभे धरून मगच स्क्रू आवळायला हवा. नंतर एअर क्लीनरचे झाकण काढून दोन्ही टोके डोळ्यांनी पाहायची : नॉब आत असताना पाते उभे, बाहेर ओढल्यावर पूर्ण मिटलेले. ही तपासणी इंजिन बंद ठेवून करायची, हेही छापा.

आमची मागणी अशी : दोन्ही केबल बदलून द्याव्यात, किंवा पैसे परत करावेत. याच बॅचच्या दुकानांत पडून असलेल्या केबलची चाल मोजून सदोष माल परत घ्यावा. सूचनापत्रक दुरुस्त करावे. जुन्या गाड्यांचे सुटे भाग आधीच दुर्मीळ. मिळणारा भाग तरी बिनचूक असावा, एवढी अपेक्षा रास्त आहे.

दोन्ही केबल जपून ठेवल्या आहेत. आपला प्रतिनिधी कधीही येऊन मोजू शकतो. 15 दिवसांत लेखी उत्तर मिळावे.

कळावे,
आपला ग्राहक

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही केबलचे मोजपट्टीसह फोटो