डॉलरचा खरा दर छोट्या निर्यातदाराला कधी कळणार?

महोदय,

३ नोव्हेंबर १९९४ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराने समभागांची खरेदी-विक्री संगणकाच्या पडद्यावर आणली आणि मार्च १९९५ मध्ये मुंबई शेअर बाजारानेही ‘बोल्ट’ ही तशीच संगणकीय प्रणाली सुरू केली. त्याआधी आपला सौदा नेमका कोणत्या भावाने झाला, हे मुंबईबाहेरच्या गुंतवणूकदाराला दलालाच्या शब्दावरच मानावे लागे. उपग्रहाने जोडलेल्या टर्मिनलमुळे दलाल स्ट्रीटवरचा भाव त्याच क्षणी दूरच्या शहरांतही दिसू लागला. चांगल्या भावाची ऑर्डर आधी, आणि भाव सारखा असेल तर आधी आलेली आधी, हा नियम लहान-मोठ्या सर्वांना एकच झाला. माझ्या मते भारतीय बाजारातील ही सर्वांत मोठी सुधारणा होय.

परकीय चलनाच्या बाबतीत मात्र सामान्य ग्राहक अजून जुन्याच काळात आहे. मी सांगली परिसरातील बेदाणा आणि द्राक्षांच्या छोट्या निर्यातदारांचे हिशेब पाहतो. परदेशातून डॉलर आले की बँक सांगेल त्या दराने ते रुपयांत बदलले जातात. त्या वेळी बाजारात दर काय होता आणि बँकेने मधले किती ठेवले, हे पावतीवरून समजत नाही. डॉलरमागे पन्नास पैशांचा फरक पडला, तरी वीस हजार डॉलरच्या बिलावर दहा हजार रुपये जातात, आणि अशा मालात नफा मुळातच बेताचा असतो.

यावर उपाय नाही असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने बाजारातील सौद्यांची देवघेव पूर्ण करून देणाऱ्या क्लिअरिंग कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने ऑगस्ट २०१९ मध्ये ‘एफएक्स-रिटेल’ हा ऑनलाइन मंच सुरू केला. त्यावर व्यक्ती किंवा व्यावसायिक आपल्याच बँकेमार्फत नोंदणी करून डॉलरची खरेदी-विक्री थेट बाजारातील दराने करू शकतात, आणि बँकेला आपले शुल्क त्या दरात न मिसळता वेगळे सांगावे लागते. (शेअर बाजारांतील चलन वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचा दर आज ठरवणारे सौदे, २००८ पासून आहेत, पण त्यांचा हिशेब रुपयांतच मिटत असल्याने हाती आलेले प्रत्यक्ष डॉलर विकायला त्यांचा उपयोग नाही.) तरीही माझ्या ओळखीच्या निर्यातदारांपैकी बहुतेकांनी या मंचाचे नावही ऐकलेले नाही, आणि एका बँकेच्या शाखेत चौकशी केली तेव्हा तेथील अधिकाऱ्यालाही त्याची माहिती नव्हती. यात आश्चर्य वाटत नाही, कारण ज्या सोयीमुळे आपलीच कमाई घटते तिचा प्रचार बँका आपणहून करतील, ही अपेक्षाच चुकीची आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये हा मंच ‘भारत कनेक्ट’ या बिले भरण्याच्या व्यवस्थेशी जोडण्याचे रिझर्व्ह बँकेने जाहीर केले, हे स्वागतार्ह आहे. परंतु तेवढ्यावर न थांबता परकीय चलनाच्या प्रत्येक पावतीवर त्या वेळचा बाजारदर आणि बँकेचे शुल्क स्वतंत्रपणे छापणे बंधनकारक करावे, तसेच निर्यातीसाठी चालू खाते उघडतानाच एफएक्स-रिटेलच्या नोंदणीचा अर्ज मराठीतून ग्राहकाच्या हाती द्यावा, अशी माझी रिझर्व्ह बँकेला विनंती आहे.

आपला,
एक लेखापाल, सांगली