संशोधन केंद्र म्हणजे नुसती बिल्डिंग नव्हे

मा. संपादक साहेब,
स. न.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा पुण्यातही झाडं पडली, लाईट गेली, आणि आठवड्याभरात आपण ते विसरलो पण. ज्यांची तिकडे नारळ-सुपारीची वाडी आहे त्यांना विसरायची सोय नाही. आमच्या सासऱ्यांची आहे, म्हणून हे पत्र. (पेशव्यांचं मूळ गाव म्हणून पुणेकर श्रीवर्धनचं कौतुक करतो, तिथल्या पोफळींचं, म्हणजे सुपारीच्या झाडांचं, काय झालं ते कोणी विचारत नाही, असो.)

दिवेआगरला सुपारी संशोधन केंद्र काढायला मंत्रिमंडळाने मान्यता दिली, चांगलंच झालं, श्रीवर्धनला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं केंद्र आधीपासून आहेच. पण आपल्याकडे केंद्र उभं करायचं म्हटलं की सगळी चर्चा बिल्डिंग, कंपाऊंड, पेव्हर ब्लॉक आणि कोनशिलेवर कुणाचं नाव, इथेच संपते. बिल्डिंग काय, कॉन्ट्रॅक्टर वर्षभरात उभी करेल. झाडांचं काय?

सुपारीला कलम नाही, डोळा भरणं नाही, लावायची ती बीपासूनच. म्हणजे रोप चांगलं हवं तर ज्या झाडाची सुपारी बियाण्याला घ्यायची ते मातृवृक्ष चांगले हवेत, आणि ते चांगले आहेत हे कळायला एकेका झाडाचं वर्षानुवर्षं उत्पन्न कुणीतरी रजिस्टरमध्ये लिहून ठेवलेलं असायला लागतं. बरं, ही बी भातासारखी वाळवून फ्रीजरमध्ये पण ठेवता येत नाही, वाळली की मेली. आपण पुण्यात चवीने खातो तो इंद्रायणी तांदूळ वडगाव मावळच्या केंद्रातून आला, उद्या तिथली खाचरं पुरात गेली तरी थंड खोलीत बी सांभाळलेलं असेल तर पुढच्या खरिपात परत पेरता येतं. पोफळीची आणि माडाची बियाण्याची बँक म्हणजे जमिनीत उभी असलेली झाडंच, आणि वादळ काही सरकारी कंपाऊंड बघून वळत नाही. एक मातृवृक्ष मोडला तर त्याच्या जागी नुसतं झाड आणायलाच सहा-सात वर्षं, आणि ते खरंच भरवशाचं आहे का हे ठरवायला त्याच्या पुढे आणखी काही वर्षं.

आणि बियाणं थंड खोलीत ठेवलं म्हणजे निर्धास्त झोपावं असंही नाही हं. फिलिपिन्समध्ये लॉस बान्योसच्या राष्ट्रीय जीन बँकेत, म्हणजे पिकांचं बियाणं जपून ठेवतात तिथे, 2006 च्या टायफूनमध्ये चिखलपाणी घुसलं, त्यातून सावरतायत तोवर 2012 ला तिथेच आग लागली. त्यामुळे एकाच जागी सगळं ठेवायचं नाही, हा पहिला नियम. श्रीवर्धनी रोठा म्हणजे आपली इथली सुपारीची जात, तिची निवडलेली झाडं दापोलीला, रत्नागिरीजवळ भाट्याच्या नारळ केंद्रात, शक्य असेल तर कर्नाटकात विट्टलच्या सुपारी केंद्रात, अशी ठिकठिकाणी लावून ठेवा, आणि रजिस्टरं स्कॅन करून पुण्याच्या कृषी आयुक्तालयात एक कॉपी ठेवा. याला काय कोटी लागतात का!

आता वाडीत काय चाललंय ते सांगतो. पडलेल्या पोफळी तोडून बाहेर काढायचाच खर्च एवढा झाला की मदतीचे पैसे त्यातच गेले. माड पडल्याने वरची सावली गेली, त्यामुळे ज्या पोफळी वाचल्या त्यांच्या खोडाला पश्चिमेकडून ऊन लागून साल करपली, भेगा पडल्या, पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत त्यातल्याही काही मधूनच मोडल्या. वादळाच्या पंचनाम्यात ह्या कुठे येणार? सासऱ्यांनी आधी सावलीला केळी लावल्या, मग एका खासगी नर्सरीतून ‘ओरिजिनल रोठा’ म्हणून रोपं आणून लावली. आता ती माणसाच्या डोक्याच्या वर गेलीत, दिसायला फर्स्ट क्लास, पण एकाच खेपेला आणलेली रोपं एकमेकांसारखी दिसत नाहीत, काहींच्या खोडाची पेरं जवळजवळ, काहींची लांबलांब. सुपारी धरल्याशिवाय कळणार नाही म्हणतात, आणि तेव्हा सुपारी बारीक निघाली तर भांडायचं कुणाशी, नर्सरीवाला पावती पण देत नाही.

म्हणून खरं काम नर्सरीचं आहे. केंद्राने खात्रीची रोपं भरपूर आणि वेळेवर द्यावीत, नाहीतर लोक मिळेल ते लावणार आणि पुढची पन्नास वर्षं वाडीत तेच उभं राहणार. त्यासाठी झाडावर चढणारे, बी निवडणारे, पिशव्या भरणारे मजूर लागतात, आणि पद रिकामं ठेवून ते होत नाही. निधी पण एका मार्च एंडला खर्च करून टाकायचा नको, झाडं धरून भरवशाची ठरेपर्यंत म्हणजे निदान दहा वर्षं थोडा थोडा का होईना चालू राहायला हवा.

तुमच्या पेपरने कृषी खात्याला एवढंच विचारावं, की येत्या पावसाळ्यात श्रीवर्धन तालुक्याला खात्रीची किती रोपं मिळणार, आणि नाव नोंदवायचं कुठे. सासरे ताम्हिणीमार्गे एसटीने येऊन पुण्यात अर्ज द्यायला पण तयार आहेत.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे