पोहोचल्यावरचे पहिले दिवस मोकळे ठेवा

महोदय,

परदेशी असलेल्या मुलांकडे निघालेल्या ज्येष्ठांची व्हिसा, तिकिटे, विमा यांची तयारी चोख असते. पोहोचल्यानंतरच्या दिवसांचा विचार मात्र फारसा कोणी करत नाही. लेकीकडे गेलो तेव्हा मी पहाटे अडीचला टक्क जागा असे आणि दुपारी नातीला गोष्ट सांगताना अर्ध्या वाक्यातच माझा डोळा लागे. ती पुस्तक धरून तशीच बसून राही, याची चुटपुट अजून आहे. नव्या देशाच्या वेळेशी जुळवून घेताना शरीराचे घड्याळ, म्हणजे झोप-जागेची आतली लय, साधारणपणे दिवसाला एखाद्या तासानेच सरकते, पूर्वेकडे जाताना तर त्याहूनही सावकाश, हे ठाऊक असते तर मुलांनी पहिल्याच रविवारी सहल आखली नसती. तेथील दिवसाउजेडी बाहेर फिरल्याने मला खरा उतार पडला. विमानातही ४ तासांहून अधिक काळ बसून राहिल्यास पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अधूनमधून उठून चालावे. इन्सुलिनसारखी ठरावीक वेळेची औषधे घेणाऱ्यांनी नव्या वेळांचे कोष्टक निघण्यापूर्वीच डॉक्टरांकडून लिहून घ्यावे आणि औषधे हातातल्या बॅगेतच ठेवावीत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

– एक ज्येष्ठ वाचक