तबलजीचं बोट वाचवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र मिरजेला तुमच्या घरी पाठवता आलं असतं. पण तुम्ही ते वाचून 'त्यात काय एवढं' म्हणत कपाटात टाकलं असतंत, म्हणून चारचौघांत आभार मानतेय. नाव घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे.

मामंजींच्या रेकॉर्ड्स संगणकात उतरवायचं ठरलं तेव्हा घरातल्या प्रत्येकाकडे सल्ला तयार होता. 'सगळं यूट्यूबवर असतं' हा त्यातला सर्वांत लाडका. बरंच असतंही, पण कुठल्या तबकडीवरून, कुठल्या वेगाने आणि किती हातांतून पिळून आलेलं असतं, देव जाणे. तुम्ही मात्र सल्ला न देता फोनवर एवढंच विचारलंत, "लाखेच्या किती आणि प्लास्टिकच्या किती?"

त्या प्रश्नात निम्मं काम होतं. बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर, मास्टर कृष्णराव ही मंडळी आमच्याकडे लाखेच्या जड, ठिसूळ ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांवर आहेत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. लाखेला स्पिरिट लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. एलपीची, म्हणजे प्लास्टिकच्या तबकडीची पिन ७८ च्या रुंद खाचेत थेट तळाला जाते आणि गाण्याऐवजी तिथला कचरा वाचते, म्हणून जवळपास तिप्पट जाड टोकाची वेगळी पिन हवी. धुवायला बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेनेच, आणि मधलं लेबल कोरडं. हे सगळं तुम्ही शिकवलंत, आणि एकदाही स्वतः ब्रश हातात घेतला नाहीत. तेव्हा मला जरा राग आला होता, खरं सांगते. आज वाटतं, तुम्ही तबकड्या मिरजेला नेऊन सगळं करून दिलं असतंत तर आमच्या हाती फक्त फाइली आल्या असत्या.

तुमच्या त्या स्टीलच्या डब्याबद्दल तर वेगळं पत्र लिहावं लागेल. रेकॉर्ड प्लेअरच्या कार्ट्रिजमधून, म्हणजे पिन बसवलेल्या भागातून निघतात काही मिलिव्होल्ट, तेही जसेच्या तसे वापरायचे नाहीत. एलपी कापताना खर्ज मुद्दाम दाबलेला आणि वरचे सूर उचललेले असतात. वाजवताना ते उलटं करावं लागतं. १९५४ च्या सुमारास त्याचं एक प्रमाण ठरलं, त्याआधी ज्या त्या कंपनीचं आपलं आपलं. म्हणून तुम्ही प्रीॲम्प, म्हणजे हा क्षीण आवाज वाढवून सरळ करणारं यंत्र, घरी जोडलात, गुणगुण शिरू नये म्हणून जेवणाच्या डब्यात बसवलात आणि वर एक खटका ठेवलात: एका बाजूला एलपी, दुसऱ्या बाजूला ७८. तरीही स्पीकरमधून घुंई येत होती. तुम्ही लॅपटॉपचा चार्जर काढायला लावलात. घुंई गेली. आमचे इंजिनिअर चिरंजीव त्यानंतर बराच वेळ गप्प होते.

आमचं टर्नटेबल ३३ आणि ४५ वरच फिरतं. त्यामुळे ७८ च्या तबकड्या ४५ वर वाजवून भरायच्या आणि मग ऑडॅसिटी या संगणकावरच्या ध्वनिसंपादन प्रोग्रॅममध्ये वेग ७८ ला न्यायचा, हेही तुमच्याकडूनच समजलं. त्यावर तुमची आणखी एक मेख होती. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ नेच भरलेल्या असतील असं नाही. "पेटी काढा," म्हणालात. रेकॉर्डमधली पेटी आपल्या पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधोमध अडकली तर वेग चुकलाय. ती पट्टीवर येऊन बसेपर्यंत सरकवायची आणि गाणारा काळी दोनचा की पांढरी पाचचा हे ध्यानात ठेवायचं. त्या काळची पेटी कुठल्या सुराला लावलेली असेल सांगता येत नाही, तेव्हा हा अंदाजच, असंही तुम्ही लगेच जोडलंत. उरलेली दुपार तुम्ही आणि सासूबाई पट्टीवरून वाद घालत होतात. बहुतेक वेळा सासूबाईंचं बरोबर निघालं, हे इथे नोंदवून ठेवते.

पण खरे आभार आहेत ते खरखरीसाठी. खरखर काढून टाकायची, एवढीच आमची कल्पना होती. तुम्ही एक नाट्यपद लावलंत, टिकटिक घालवणारं बटण शेवटपर्यंत रेटलंत आणि म्हणालात, "ऐका, तबलजीचं बोट कापलं." तबल्याच्या चाटेवरचा, म्हणजे कडेवरचा 'ना' बोथट झाला होता. संगणकाला ओरखड्याची टिक आणि बोटाची थाप यांतला फरक कळत नाही, दोन्ही तेवढीच टोकदार. मग तुम्ही नियम घातलात: मूळ प्रत ९६ किलोहर्ट्झ (सेकंदाला ९६ हजार नोंदी), २४ बिटमध्ये, आवाजाची शिखरं उणे ६ डेसिबलच्या आत, आणि तिला कधीही हात लावायचा नाही. सफाई करायची ती दुसऱ्या प्रतीवर, तीही थोडीच. मिनिटाला सुमारे ३५ एमबी ऐकून आम्ही दचकलो. चाळीस मिनिटांची एलपी जवळपास १.४ जीबी होते. फ्लॅक या दाबून साठवायच्या फाइलीत केलं की साधारण निम्मी होते आणि आतलं काहीही जात नाही, हे तुम्ही सांगितल्यावर घरात शांतता झाली.

लेबलचे फोटो काढणं आणि लेबलाजवळच्या रिकाम्या जागेत कोरलेले आकडे वहीत उतरवणं मला अजूनही कंटाळवाणं वाटतं. पण करते.

प्रीॲम्पच्या सामानाचे पैसे तुम्ही अजून घेतलेले नाहीत. येत्या रविवारी चिरंजीव हार्ड डिस्क घेऊन तुमच्याकडे येतील. सगळ्या मूळ प्रती तिच्यात आहेत. एक संच सांगलीबाहेर असावा आणि तो तुमच्याकडेच, असं सासूबाईंनी ठरवलं आहे. पाकीट त्याच पिशवीत आहे. परत पाठवू नका.

आपली,
सांगलीची सूनबाई