विषय: मुलाने न खाल्लेल्या जेवणाचे पैसे, आणि तुमच्या सीनियर साहेबांचं ते वाक्य

प्रति,
कस्टमर रिलेशन्सचे प्रमुख (आणि त्यांच्या वर जे कोणी असतील ते)

आत्ताच तुमच्या हेल्पलाइनचा फोन ठेवला. ठेवला म्हणजे काय, तिकडूनच कट झाला. "होल्डवर राहा मॅडम" म्हणून गाणं लावलं आणि गाणं संपल्यावर लाइनही संपली. म्हणून आता लेखी. तुमच्या हॉटेलचा फॅमिली फुल बोर्ड प्लॅन (नाश्ता, दुपारचं, रात्रीचं, सगळ्या जेवणांचे पैसे आधीच) काय आहे हे मी समजावत बसत नाही, प्लॅन तुम्हीच बनवलाय आणि बारीक अक्षरातले नियमही तुम्हीच लिहिलेत, निदान तुम्हाला तरी ते पाठ असतील अशी आशा आहे कारण तुमच्या फोनवरच्या लोकांना नाहीयेत.

बुकिंग करताना मी स्पष्ट विचारलं होतं. मुलगा आठ वर्षांचा आहे, खायच्या बाबतीत भयंकर किरकिरा आहे, मोजक्याच गोष्टी खातो, एका पदार्थाचा रस दुसऱ्याला लागला की ताट सरकवतो, वरून काहीही हिरवं भुरभुरवलेलं चालत नाही. अशा मुलासाठी सगळ्या जेवणांचे पैसे आधी भरून ठेवण्यात काही अर्थ आहे का, की नुसता नाश्त्याचा प्लॅन घेऊ आणि बाकीचं तिथे गेल्यावर बघू? हा माझा प्रश्न. ह्याच शब्दांत. तर तुमची बाई म्हणाली, "मॅडम आपल्याकडे किड्स मेनू आहे, सगळी मुलं खातात, तुम्ही टेन्शनच घेऊ नका." मी म्हटलं मग असं करा, आम्हा दोघांना फुल बोर्ड द्या आणि मुलाला नाश्ता. तर नाही, रूममधल्या सगळ्यांनी एकच प्लॅन घ्यावा लागतो. का घ्यावा लागतो? "सिस्टीम घेत नाही." बरं. सिस्टीमने काय घ्यायचं हे कोण ठरवतं ते मी विचारलं नाही.

आता तिथे काय झालं ते. पाचच्या वरचं मूल म्हणजे निम्मा दर, पाचच्या आतलं फुकट. आमची धाकटी तीन वर्षांची, ती समोर येईल ते खाते, मोठ्या माणसाइतकं खाते, माशाच्या डोळ्याला काय म्हणतात असं विचारून तोही खाते. ती फुकट. आणि ज्याचे तुम्ही मोजून पैसे घेतले तो ब्रेड, दूध आणि केळं एवढ्यावर राहिला. तुम्ही वय बघून पैसे लावता, ताट बघून नाही, हे मला कळतं, धंदा असाच चालतो. पण मग "सगळी मुलं खातात" असं सांगून विकू नका ना.

किड्स मेनू मी डोळ्याने पाहिला. तळलेलं एक, चीज घातलेलं एक, आणि पास्ता. पास्ता तर तो घरी खातो, मी खूश झाले. पण तुमच्या पास्त्यावर आधीच सॉस ओतलेला, वरून हिरवं भुरभुरवलेलं. सॉस न घालता देता येईल का? "बॅच तयार असतो मॅडम." ज्या मुलांसाठी म्हणून तो मेनू काढला त्यांचा एकूण हट्टच वेगवेगळं वाढा, लावू नका, मिसळू नका हा असतो, आणि तुमचा सगळा किड्स मेनू आधीच मिसळून ठेवलेला. त्यात रात्रीचं जेवण उघडणार साडेसातला. आठ वर्षांचं पोर दिवसभर पाण्यात खेळून आलेलं, साडेसहाला भुकेने रडकुंडीला येतं, सव्वासातला झोपेला येतं, आणि साडेसातला भरलेल्या गजबजलेल्या हॉलमध्ये नवीन वासांच्या समोर उभं केलं की ते काहीच खात नाही. घरी नीट खाणारी मुलंसुद्धा अशा वेळी बिनसतात, किरकिऱ्याचं तर सोडाच.

एका वेटरदादांना दया आली. त्यांनी आत जाऊन साधा पांढरा भात आणून दिला, काही न घातलेला. मुलाने तो पूर्ण संपवला. अख्ख्या मुक्कामात तुमच्या किचनमधून आलेलं तेवढं एकच ताट त्याने संपवलं. आणि निघताना बिलात ते "मेनूबाहेरील पदार्थ" म्हणून वेगळं लावलेलं! फुल बोर्डचे पैसे भरलेले असताना, बफेमध्ये तोच भात दुसऱ्या रूपात मोठ्या भांड्यात भरलेला असताना, साध्या भाताचे वेगळे पैसे. ह्यात त्या वेटरदादांची काही चूक नाही, त्यांना कृपा करून ह्यात ओढू नका, तुमच्या सगळ्या कंपनीत तेवढाच एक माणूस होता ज्याने मुलाकडे बघितलं.

आणि केळं. नाश्त्यानंतर मी एक केळं हातात घेऊन निघाले, साडेसहाच्या भुकेसाठी. दारात अडवलं. बफेमधलं बाहेर नेता येत नाही, हायजीन. शिजवलेलं अन्न तासन् तास बाहेर राहिलं की बिघडतं हे मला मान्य आहे, तो नियम बरोबरच आहे. केळं सालीत असतं हो.

आता त्या फोनबद्दल, ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र आहे. परत आल्यावर मी फोन केला, आधी एका मुलीने ऐकून घेतलं, तिने विचारलं ऍलर्जी आहे का, म्हटलं नाही. मग म्हणाली तिच्या स्क्रीनवर जेवणाच्या तक्रारीत फक्त ऍलर्जी आणि फूड पॉयझनिंग एवढेच पर्याय आहेत, दोन्ही नसेल तर तक्रार रजिस्टर होत नाही. मी म्हटलं सीनियरना द्या. सीनियर साहेब आले. नाव सांगितलं नाही, विचारलं तरी सांगितलं नाही. मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, भाताचं, केळ्याचं, बुकिंगच्या वेळच्या प्रश्नाचं. ते मध्ये मध्ये "हं, हं" करत होते, मागे कोणीतरी हसत होतं, ते ह्यांच्यावर की माझ्यावर माहीत नाही. माझं झाल्यावर दोन सेकंद शांतता. आणि मग म्हणतात कसे, "मॅडम, प्लॅन अनलिमिटेड आहे. तुमचं मूल लिमिटेड खातं, त्याला कंपनी काय करणार?"

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं परत बोला. तर परत बोलले! तेच वाक्य, त्याच सुरात, बहुधा आवडलं असावं त्यांना. आणि वर जोडलं, "घरी थोडी सवय लावली पाहिजे, लाड केले की असं होतं. आमच्या घरी समोर येईल ते खायचं असा नियम आहे." मी त्यांच्या घरचा नियम विचारला नव्हता. मी माझ्या पैशांचं विचारलं होतं. नवरा बाजूला बसला होता, त्याने हाताने खूण केली की सोड, ठेव फोन, पण मी ठेवला नाही, म्हटलं ठीक आहे, मुलाला मी सवय लावते, तुम्ही भाताचे पैसे तरी परत करा. तर म्हणे डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा, मग बघू. भात खाल्ल्याचं सर्टिफिकेट? कुठले डॉक्टर देतात हे?

साहेबांना कळवा. नवीन पदार्थाची भीती ही दोन ते सहा ह्या वयात सगळ्यात जास्त असते, ती पुढेही काही मुलांत टिकते, आणि ती लाडाने येत नाही. २००७ साली ब्रिटनमधल्या आठ ते अकरा वर्षांच्या हजारो जुळ्या मुलांवर अभ्यास झाला, त्यात ह्या स्वभावातल्या फरकाचा सुमारे ७८ टक्के वाटा आनुवंशिक निघाला. म्हणजे सवय लावायचीच असेल तर आजोबांना लावायला हवी होती. नवीन पदार्थ मुलाने स्वीकारायला तो बऱ्याचदा आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो, तुमच्या मुक्कामात तेवढ्या वेळा तोच पदार्थ येतच नाही. आणि "खा, पैसे भरलेत" असं म्हणून मागे लागलं की अशी मुलं अजून कमी खातात, ह्यावरही अभ्यास झालेत. एलिन सॅटर नावाच्या आहारतज्ज्ञ बाईंनी किती वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय की काय, कधी, कुठे द्यायचं हे आईबापांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. सर्टिफिकेटचं म्हणाल तर खाणं टाळण्याचा खरा आजार वेगळा असतो, आर्फिड म्हणतात, २०१३ च्या डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकात, तो आला, त्यात मुलांचं वजन घटू शकतं, पोषण कमी पडू शकतं. माझ्या मुलाला तो नाहीये. तो फक्त किरकिरा आहे, जगात भरपूर मुलं असतात तसा.

आणि तुमचा प्लॅन नेमका इथेच घात करतो. पदार्थाप्रमाणे वेगळे पैसे देऊन खाल्लं असतं तर मुलाने ताट सरकवलं असतं, मी म्हटलं असतं बरं, आणि विषय संपला असता. पण आधीच भरलेले पैसे डोक्यावर बसलेले असतात. प्रत्येक जेवणाला मी नकळत हिशोब करत होते, अजून एक घास खा रे, निदान हे तरी खा, आणि मला माझाच राग येत होता. सुट्टीत मी घरी ओरडत नाही तेवढी जेवणाच्या टेबलावर ओरडले.

मी अकाउंट्समध्ये काम करते, त्यामुळे दुसरी बाजूही दिसते. गिऱ्हाईकाने आगाऊ भरलेलं आणि न वापरलेलं जे राहतं त्याला ब्रेकेज म्हणतात. आयएफआरएस १५ ह्या आंतरराष्ट्रीय हिशोबाच्या मानकात, जे १ जानेवारी २०१८ पासून लागू झालं, त्यासाठी वेगळे परिच्छेद आहेत, किती हक्क न वापरता पडून राहतील ह्याचा कंपनीला नीट अंदाज बांधता येत असेल तर ते उत्पन्नात कसे धरायचे ह्याचे. म्हणजे लोक भरतात आणि खात नाहीत ह्यात नवीन काही नाही, हिशोबाच्या पुस्तकांत त्याला जागा आहे. फक्त गिऱ्हाईकाने "आम्ही खाल्लं नाही" म्हटलं की तुमच्याकडे सगळ्यांना धक्का बसतो.

फुल बोर्ड वाईट असतो असं मी म्हणत नाहीये. आमच्या धाकटीसारखी मुलं जरा मोठी झाली की त्यांच्यासाठी तो फायद्याचाच, टीनएजर मुलं तर तुमचा प्लॅन वसूल करून वर अजून खातील, आणि ज्यांच्या आसपास बाहेर खायची सोयच नाही त्यांनाही ठीक. पण ज्या मुलाचं खाणं नेहमी मेनूतल्या सगळ्यात स्वस्त ओळीवर थांबतं त्याच्यासाठी तो कसा परवडेल? मी बिलं काढून बसले. मुलाने पूर्ण मुक्कामात जे खाल्लं ते सगळं मेनूच्या किमतीने सुट्टं घेतलं असतं तरी तुमच्या एका दिवसाच्या चाइल्ड रेटच्या आसपास आलं असतं. त्याचं खरं जेवण नाश्ताच होता, कारण नाश्त्याला सगळं सुटं सुटं मांडलेलं असतं, ब्रेड वेगळा, दूध वेगळं, फळ वेगळं, कोणी कशावर काही ओतत नाही. तुमच्याच रेट कार्डवर सीपी आहे, नुसत्या नाश्त्याचा. एमएपी पण आहे, नाश्ता आणि एका जेवणाचा. बुकिंगच्या बाईने त्यातलं एक सुचवलं असतं तर हे पत्र लिहिलंच गेलं नसतं. मी विचारलं होतं. पुन्हा सांगते, मी विचारलं होतं, आणि "हा कॉल रेकॉर्ड केला जात आहे" असं तुम्हीच सुरुवातीला ऐकवता, तर लावा ते रेकॉर्डिंग आणि ऐका. सीनियर साहेबांचंही लावा, मीटिंगमध्ये मोठ्याने लावा.

आजच्या फोनवर शेवटी काय ऑफर दिली माहितीये? पुढच्या सुट्टीसाठी मील व्हाउचर. फक्त फुल बोर्डवर चालणारं. जे मूल खात नाही त्याच्या न खाल्लेल्या जेवणाच्या भरपाईला आणखी जेवण!

लग्नाच्या आधीपासून आम्ही तुमच्याकडे येतोय, माझ्या बहिणीला, ऑफिसमधल्या निम्म्या लोकांना मीच तुमचं नाव सांगितलंय. आता त्याच लोकांना बिलाचा फोटो पाठवलाय, भाताच्या ओळीला गोल करून.

मला हवंय ते असं. मुलाच्या दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाचे पैसे परत, नाश्त्याचे ठेवा, नाश्ता त्याने खाल्ला. भाताचे पैसे वेगळे परत, ते तर वादातच येत नाहीत. त्या वाक्याबद्दल लेखी माफी, ज्यांनी उच्चारलं त्यांच्या नावासकट. आणि ज्या कार्डने भरले त्याच कार्डवर, व्हाउचर नको, पॉइंट्स नकोत, "गुडविल जेस्चर" नको. महिनाअखेरपर्यंत पैसे आले नाहीत तर भाताच्या रकमेसाठी कार्डवाल्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे पैसे तुमच्याकडून परत वळवून घेण्याची मागणी, टाकणार आहे आणि बाकीच्यासाठी ग्राहक तक्रारीचा रीतसर अर्ज. बुकिंगची पावती, अंतिम बिल आणि दोन्ही फोनच्या तारखा जोडल्यात.

कृपया फोन करू नका. लिहून कळवा.

बुकिंग ह्याच ईमेलवर सापडेल, तेवढं तरी तुमची सिस्टीम घेत असेल.