तो आमचो न्हय

डिचोली, २४ मे

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू विचारलंस, "ओवी बरी आहे ना?" मी "बरी आहे" म्हटलं आणि विषय बदलला. ती शेजारीच बसली होती, तिच्यासमोर बोलवेना. म्हणून आज लिहितोय.

त्या सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजला आणि ती रोजच्यासारखी मुठीत पैसे घेऊन धावत सुटली. गडग्याच्या, दगडी कुंपणाच्या, कोपऱ्यावर चार-पाच कुत्रे भातावरून भांडत होते. ती त्यांच्या बाजूने पळाली, एक मागे लागला, ती पडली. मी पोचेपर्यंत दंडाला आणि गालाला चावून झालं होतं. मोठ्या माणसाच्या पोटरीला लागणारा दात सहा वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्याला लागतो रे, उंचीच तेवढी असते तिची.

आई तिखटाची वाटी घेऊन आली, शेजारच्या काकी चुना घेऊन. माधवीने कुणाचं ऐकलं नाही. न्हाणीतल्या नळाखाली पोरीला धरून साबण लावत राहिली आणि मी घड्याळ बघत उभा. पंधरा मिनिटं. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, पण पोर किंचाळत असताना हात थांबवायचा नाही, हे फार कठीण आहे. जवळच्या दवाखान्यात लस मिळाली, सीरम नव्हतं. मग मोठ्या इस्पितळात. लशीने अंगात प्रतिकार तयार व्हायला आठवडाभर तरी जातो, तोवर सीरम, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडं, जखमेतच टोचावी लागतात. गालापासून मेंदू जवळ, म्हणून डॉक्टरांना घाई होती. त्यांनी तिचं वजन केलं, सतरा किलो, त्यावरून डोस काढला आणि दाताच्या एकेका भोकाभोवती सुई घातली. मी तिचे पाय धरले होते. माझ्या बोटांच्या खुणा तिच्या घोट्यावर दुसऱ्या दिवशीही होत्या.

पुढे तिसरा, सातवा, अठ्ठाविसावा दिवस. सगळ्या खेपा नीट झाल्या. जखमही भरली. पण घरी भेटायला आलेल्या प्रत्येकाने तिला एकच विचारलं, "तू काय केलंस त्याला? दगड मारलास?" पंधराव्या दिवशी रात्री ती मला म्हणाली, "बाबा, मी पळायला नको होतं ना?" अजून भोंपू वाजला की ती आतल्या खोलीत जाते. पाव आता मीच आणतो.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. त्या कुत्र्याला आमच्या वाड्यावर सगळे टायगर म्हणतात. हे नाव ज्या घराने ठेवलं, त्याच घरातून रोज रात्री त्याला माशाच्या काट्यांचा भात मिळायचा. मी त्यांच्याकडे भांडायला गेलो नव्हतो. एवढंच सांगायला गेलो होतो की कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा, आजारी पडला किंवा मेला तर डॉक्टरांना कळवायला हवं. त्यांनी दारातूनच सांगितलं, "तो आमचो न्हय." तिसऱ्या दिवसापासून टायगर दिसलाच नाही. तो जिवंत आहे की नाही हे न कळता आम्ही ते दहा दिवस काढले.

सुहास, तुझ्याकडे मोरजीला बारा कुत्रे आहेत. किनाऱ्यावरची खाण्यापिण्याची शॅक आता मोडली, पाहुणे गेले, किनाऱ्यावरचे कुत्रे उपाशी पडतात, टोळी करून गावात शिरतात, आणि तू त्यांना जेवू घालतोस. तुझं हे मन मला लहानपणापासून माहीत आहे, ते बदल असं मी कधीच म्हणणार नाही. पण त्यातला एखादा उद्या कुणाच्या पोराला चावला तर तू दारात उभं राहून काय सांगशील?

मला उत्तर हवंय, खरंच. कारण तुझ्याकडून "हो, तो माझ्या ताटातला आहे, चला, गाडी काढतो" हे ऐकू येईल असं मला वाटतं.

लोक म्हणतात गोव्यात रेबीज आहे कुठे? २०२१ साली आपलं राज्य देशात पहिलं रेबीज नियंत्रित जाहीर झालं, ते वर्षानुवर्षं गल्लोगल्ली जाळी टाकून कुत्र्यांना लस टोचली म्हणून. ती थांबली तर रोग परत येईल. आणि जबड्याचं काय? २०२४ मध्ये हणजुणला पिटबुलने सात वर्षांचा मुलगा मारला, २०२५ मध्ये फोंड्याला भटक्या कुत्र्यांनी दीड वर्षाची मुलगी. तिथे रेबीजचा प्रश्नच नव्हता. पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेमागे किमान १०,००० रुपये भरपाई ठरवून दिली. ओवीच्या अंगावर नऊ खुणा आहेत, मी मोजल्यात. पैशासाठी नाही सांगत. कुणीतरी त्या खुणा मोजाव्यात असं कोर्टाला वाटलं, यानेच मला बरं वाटलं.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत लिहिलंय की खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून लांब हवी, वेळही त्यांच्या वर्दळीची नको. आमच्या गडग्याचा तो कोपरा बरोबर पोदेर थांबतो तिथे होता. एवढं जरी कुणी पाळलं असतं!

तुमच्या ग्रामसभेत तू बोल. मी बोललो की मी कुत्र्यांचा वैरी ठरतो, ओवीचा गाल कुणी बघत नाही. तू बोललास तर ऐकतील, सगळ्यांना तुझी बादली माहीत आहे. जागा ठरवून घे. कानाला खाच नसलेले, म्हणजे नसबंदी न झालेले, किती ते मोज, त्यांची नसबंदी आणि लस करायला लाव. जवळच्या केंद्रात सीरम आहे का, हे लेखी विचार. शाळेत मुलांना शिकवायला सांग की कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं स्तब्ध राहायचं, त्याच्या डोळ्यांत बघायचं नाही, पडलंच तर मान झाकून दगडासारखं गोळा व्हायचं. ओवीला हे कुणी शिकवलं नव्हतं. मीही नाही.

सभा कधी आहे ते कळव. मी मागच्या बाकावर बसायला येईन. वहिनींना नमस्कार.

तुझा,
विनय