चिंटूचं कुत्रं आणि आईचे हात

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

चिंटूनं गोल्डन रिट्रीव्हरच्या पिल्लासाठी घर डोक्यावर घेतलंय, हे दादाकडून कळलं. बाबा, तुम्ही नातवाच्या बाजूनं, हेही कळलं. आईचं काय म्हणणं आहे, ते मात्र कुणीच सांगितलं नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

कुत्रं गुणाचं, वादच नाही. मायाळू, पोरांत रमणारं. पण गल्लीतल्या चोऱ्यांमुळं राखणीला हवं म्हणत असाल, तर ते डोक्यातून काढा. चोर आला तरी हे शेपूट हलवत स्वागताला जाईल! १८६८च्या सुमाराला स्कॉटलंडात लॉर्ड ट्वीडमाउथनं ही जात घडवायला घेतली, ती बंदुकीनं पाडलेले पक्षी पाण्यातून, झाडीतून तोंडात अलगद धरून आणण्यासाठी. दिवसभर राबणं रक्तातच आहे. रोज तासभर तरी दमवलं नाही, तर ती रग सोफ्यावर निघते.

दमवणार कोण? दादा-वहिनी नऊला बाहेर, चिंटूला शाळा नि क्लास. नराचं वजन २९ ते ३४ किलो भरतं. रंकाळ्यावर समोरून भटकं कुत्रं आलं आणि यानं हिसका दिला, की बाबा, तुमच्या गुडघ्याचं काय? उन्हाळ्यात तर ऊन तापायच्या आत फिरवून आणायचं.

आणि केस! बारा महिने गळतात, वर्षातून दोनदा ढिगानं. आईला ताटात एक केस चालत नाही, तिथं तांबड्या रश्श्यावर सोनेरी केस तरंगलेला बघायचाय मला. अंगावर केसांचे दोन थर, आतला मऊ आणि दाट. आपल्याकडं जुलैत टॉवेल वाळत नाही, तिथं हा कसा वाळणार? ओल राहिली की कातडीला जखमा, लोंबत्या कानांत संसर्ग. फिरून आला की पुसा, विंचरा, कान बघा. उन्हाळ्यात भादरून टाकू म्हणाल, तर तेही नको. तेच केस उन्हापासून वाचवतात. शिवाय गोचीड रोज शोधायचे, त्यांच्यापासून ताप येतो.

बाबा, रविवारी मटणाचं उरलंसुरलं त्याला घालायचं नाही हं. कांदा-लसूण कुत्र्याला विषच, शिजलेलं हाड तुटून आतडं फाडतं. हावरट जात आहे, तोंडाकडं बघत बसेल आणि तुम्ही विरघळाल. वजन वाढलं की आधीच नाजूक असलेले खुब्याचे सांधे जातात. कॅन्सरचं प्रमाणही या जातीत बरंच.

आयुष्य १० ते १२ वर्षं. चिंटू कॉलेजला जाईल तेव्हा म्हातारं कुत्रं आईच्याच गळ्यात. आत्ताच सगळ्यांचं सगळं करून तिची कंबर धरते.

माझा विरोध नाही. पण पिल्लू नको. कुणी सोडून देत असलेला चार-पाच वर्षांचा, शांत झालेला मिळाला तर बघू. त्याआधी नागाळा पार्कातल्या मावशी गावाला जातील, तेव्हा त्यांचा गोल्डन आठवडाभर आपल्याकडं ठेवा, तोही ऐन पावसात. सकाळी दादा फिरवेल, संध्याकाळी चिंटू पुसेल आणि विंचरेल. आई, तू हात लावायचा नाहीस, आणि नंतर हो की नाही ते तूच सांगायचंस.

तोवर बाबा, त्या पिल्लूवाल्याला इसार देऊ नका. दिलाच असेल तर आईला सांगा, मला नको.

तुमची,
ताई